सरंग्याची जोडी

सकाळपासून आम्ही बायका बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांडीवर टांगत होतो. आश्विनाचं ऊन, वारा पडलेला, मिठानं बोटं चिरलेली. अशा वेळी कोणी आडवं आलं की माझं डोकं फिरतं. आणि नेमका तेव्हाच टेकडीवरच्या इनामदाराच्या बंगल्याचा कारकून भाऊराव दोन मोजणीवाले घेऊन खळ्यात शिरला.

खळं म्हणजे आमची मासळी सुकवायची जागा. वर्सोव्याच्या खाडीवर आमच्या पाड्याची तेवढीच उरलीय. तीन बाजूंनी टॉवर आले, चौथीकडे पाणी. बावीस घरांच्या बायका तिच्यावर जगतात, त्यातली मी एक, कमळ.

एकानं तिपाईवर यंत्र मांडलं. दुसरा आमच्या वलांडीचे बांबू बोट लावून मोजायला लागला. सुंदराबाई तिथंच टोपली सारखी करत बसलेली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण पाड्यात शब्द तिचाच शेवटचा.

"काय मोजतस रे?"

"बांबू, आजी. इस्टेटीच्या जागेवर जे जे आहे ते सगळं लिहायचंय."

"कोनाची इस्टेट?"

भाऊराव मधे पडला. तोंडाचा गोड माणूस, त्याचाच मला राग. "मावशी, कागदोपत्री टेकडीपासून खाडीपर्यंत इनामदार साहेबांचंच ना? पुढच्या बुधवारी कचेरीत सुनावणी आहे. तुम्ही पण या."

"मंग ती मांजर पन लिव," सुंदराबाई म्हणाली. "आनि बोंबलावरच्या माश्या. एक पन सोडू नको."

बायका हसल्या. मी नाय हसले. कारण भाऊराव जाता जाता म्हणाला, "दसऱ्याची जोडी मात्र विसरू नका. अनिरुद्ध साहेबांनी मुद्दाम आठवण करायला सांगितलंय." इनामदाराच्या या पोराला कधीपासून मासळीची एवढी ओढ? माझ्या मनात पाल चुकचुकली.

ही जोडी म्हणजे दोन मोठे सरंगे, तुम्ही पापलेट म्हणता ते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाड्यातून टेकडीवर बंगल्यात जातात. सुंदराबाईची आजेसासू न्यायची, मग सासू, आता चाळीस वर्षं ही. कधी काळी भर उन्हाळ्यात आमच्या विहिरी खारट झाल्या, तेव्हा बंगल्याच्या बाईनं आपल्या विहिरीवर पाणी भरू दिलं होतं. त्याची ही आठवण. कोळी माणूस पाजलेलं पाणी विसरत नाय.

दुपारी सुंदराबाईची नात हेमांगी खळ्यात आली. पोरगी इतिहासात एम. ए. करते. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात कचेरीची नोटीस.

"आजी, इंग्लंडात साडेनऊशे वर्षांपूर्वी नॉर्मंडीचा विल्यम समुद्रापलीकडून आला. लढाई जिंकला आणि गावंच्या गावं आपल्या सरदारांना वाटून टाकली. मग माणसं पाठवून सगळं लिहून घेतलं, बैल किती, डुकरं किती. पिढ्यानपिढ्या नांगरणारे बसल्या जागी सरदाराचे कूळ झाले. नाताळला कोंबडी, ईस्टरला अंडी, सरदाराच्या दारात नेऊन द्यायची."

"आपल्याकडं तरी काय येगलं झालं?" मी म्हटलं. "कंपनी सरकारनं इनामदाराला टेकडी दिली, तवा आमाला इचारायला कोन आलं होतं?"

"तेच सांगतेय, काकी. बंगल्याच्या वहीची नक्कल जोडलीय यात. चाळीस वर्षं एकच ओळ. 'सुंदराबाई, खळ्याचे भाडे, सरंगे दोन.'"

सुंदराबाईच्या हातातला बोंबील तसाच राहिला. "मी मान दिला गो," ती म्हणाली. "भाडं कवा दिलं?" आणि तिचे डोळे भरले. या बाईला मी तुफानातसुद्धा रडताना पाहिलेलं नाय.

माझा नवरा धर्मा तडकला. "यंदा जोडी द्यायचीच नाय."

"मग म्हणतील भाडं थकवलं, आता हटवा यांना," हेमांगी म्हणाली.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चार दिवस पाड्यात कोणाला चैन नव्हतं. माझ्या दोन भाकऱ्या करपल्या, धर्मानं उगाच शेजाऱ्याशी भांडण काढलं. सुंदराबाई खळ्यात येरझाऱ्या घालायची आणि मधेच थांबून स्वतःच बांबू मोजायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र ती लुगडं नेसून, बर्फातले दोन सरंगे निवडून पाटी घेऊन उभी. "चला," म्हणाली. काय करणार ते सांगेना. मी आणि हेमांगी मागून चढ चढलो.

बंगल्याच्या ओसरीवर भाऊराव वही उघडूनच बसलेला. खुर्चीत अनिरुद्ध साहेब. थोरले साहेब अंथरुणाला खिळल्यापासून कारभार याच्याकडे.

"ठेवा तिथं आणि अंगठा करा," साहेब म्हणाला.

सुंदराबाई पायरीवर बसली, पाटी मांडीवर. "दर सालासारखी बाईंनी ओटी भरल्याबगर मी पाटी खाली ठेवीत नाय."

"आई थकलीय. ते जुनं आता सोडा."

"मंग बसतंय मी."

तिचा आवाज दर्यावरचा, आत गेलाच. इरावतीबाई, साहेबाची आई, काठी टेकत बाहेर आल्या. मागं कामवाल्या बाईच्या हातात ताट. खण, नारळ, तांदूळ, सगळं सकाळपासून मांडून ठेवलेलं. "थकली म्हणे," त्या पुटपुटल्या आणि ओटी भरली. मग सुंदराबाईनं पाटी उतरवली.

"भाऊराव, माझी जोडी लिवलीस?"

"लिहिली."

"आता बाईंचा खन लिव. त्याच्याच खाली."

भाऊरावानं साहेबाकडं बघितलं. "तो कशाला लिहायचा?"

इरावतीबाईंची मान वळली. "म्हणजे? मासे लिहिता आणि माझी ओटी लिहीत नाही? इनामदारांचं घर नुसतं घेतं, देत नाही, असं मांडून ठेवलंय तुम्ही?"

"आई, ते कचेरीचं काम आहे."

"तू थांब. भाऊराव, लिहा. खण एक, नारळ एक, तांदूळ ओंजळभर."

"काय म्हणून लिहू, बाईसाहेब?"

"लेकीची ओटी. आणखी काय म्हणून भरतात?" पेन ओढून घेऊन खाली सही त्यांनीच केली. साहेब खुर्चीतून उठला आणि परत बसला. हेमांगीनं गुपचूप पानाचा फोटो काढला.

बुधवारी कचेरीतल्या साहेबानं तो फोटो दोनदा वाचला. इस्टेटीच्या वकिलाला म्हणाला, "कुळाची ओटी लेक म्हणून भरतात का हो?" वकिलानं पुढची तारीख मागितली. तोवर खळ्याला कोणी हात लावायचा नाय, एवढं मिळालं. निकाल नाय, तारीख. चैन आम्हाला आजही नाय.

परत आल्यावर सुंदराबाईनं दरवर्षीसारखा यंदाचा खण चोळी शिवायला टाकला नाय. वलांडीच्या पहिल्या बांबूला घट्ट बांधला आणि पुन्हा बोंबील टांगायला बसली.

"भिजेल ना गो," मी म्हटलं.

"भिजू दे. मोजायला येतील तवा पयला ह्यो मोजतील."