बिजलीचं म्हणणं

मित्रांनो, कापूस पिंजणाऱ्याची एक जुनी धनुकली आहे मी. चिखली तालुक्यातल्या अमडापुरात, एका अंधाऱ्या खोलीच्या खुंटीला टांगलेली. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. पुरुषभर लांबीचा लाकडी दांडा, त्याच्या एका टोकाला रुंद फळी आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली आतड्याची तात, एवढंच माझं रूप. ही तात कापसाच्या ढिगात धरून तिच्यावर लाकडी ठोकळ्याने ठोका मारला की ती थरथरते आणि गच्च बसलेला कापूस फुलून ढगासारखा वर येतो. माझ्या आवाजाने लहान मुलं गोळा व्हायची. पण मुलांपेक्षाही मांजरं जास्त. मला आज जे सांगायचं आहे ते त्या मांजरांविषयीच आहे.

मला निवृत्ती सुताराने तिवसाच्या लाकडातून घडवलं. तेव्हा वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चालायला लागून थोडीच वर्षं झाली होती. निवृत्तीने मला आठ दिवस तासलं, तेल पाजलं आणि गफ्फार पिंजाऱ्याच्या हाती दिलं. गफ्फारने तात चढवली, एकच ठोका मारला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. मग हसला. त्या दिवसापासून आम्ही दोघं एकत्र राबलो. हिवाळ्याच्या आधी तर आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसे. मला खांद्यावर टाकून तो आजूबाजूच्या खेड्यांत फिरायचा. आमची रजई पांघरली की थंडी दाराबाहेरच थांबते, असं लोक म्हणत. ते ऐकून माझी तात आपोआप ताठ व्हायची.

गफ्फारची बायको अजीजुन्निसा. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं, पण घरात मांजरांना तोटा नव्हता. जिथे कापूस तिथे ऊब आणि जिथे ऊब तिथे मांजर. प्रत्येकाला काहीतरी विचित्र छंद होता. नवाब नावाचा गलेलठ्ठ बोका फक्त सुपातच बसायचा. अजीजुन्निसा धान्य पाखडायला सूप घ्यायची तर त्यात हा. खाली उतरवला की पाठ फिरवून रुसायचा आणि सूप रिकामं होईपर्यंत समोर बसून राहायचा. मोती नावाची मांजरी दोऱ्याची रिळं पळवायची आणि एकेक करून पाण्याच्या माठात नेऊन टाकायची. का टाकायची ते कुणालाच कळलं नाही. गफ्फार सकाळी पाणी प्यायला वाकला की तळाशी रीळ दिसे आणि तो म्हणे की आज पाण्याला दोरा सुटला आहे.

सगळ्यात खोडकर होती बिजली. करड्या रंगाची, शेपटीला पांढरं टोक. तिचे छंद दोन. एक म्हणजे माझी तात चाटणं. आतड्याचा वास तिला ओढून आणायचा. तिची खरखरीत जीभ तातीवरून फिरली की माझ्यातून अगदी बारीक नाद निघायचा आणि ती दचकून मागे सरायची. पुन्हा यायची, पुन्हा चाटायची. मला तिचा राग कधी आला नाही. दिवसभर ठोके खाणाऱ्याला कुणी हळुवार हात लावला तर बरंच वाटतं.

दुसरा छंद गफ्फारला फार छळायचा. नवी गादी शिवून झाली की तिच्यावर सगळ्यांच्या आधी बिजलीच बसणार. नुसती बसणार नाही, तर पंजांनी ती तुडवणार, ओरबाडणार, गोल फिरणार आणि मधोमध झोपणार. हाकललं तरी परत. गिऱ्हाइकाच्या हाती गादी देण्याआधी गफ्फारला ओल्या फडक्याने केस टिपत बसावं लागे. त्यामुळे बिजली गादीवर चढली की घरात एकच वाक्य ठरलेलं, की आली मस्ती. याहून वेगळं काही असू शकेल असं कुणाच्या मनातही येत नसे.

अशातच रामरावांच्या घरून काम आलं. रामराव गावातले मोठे शेतकरी. त्यांच्या लेकीचं, कोकिळेचं, लग्न ठरलं होतं आणि नवरदेवाचं वऱ्हाड बीबी गावाहून यायचं होतं. कोकिळेची आई मनकर्णाबाई स्वतः कापूस घेऊन आली. आपल्याच शेतातल्या पहिल्या वेचणीचा कापूस तिने लेकीसाठी बाजूला ठेवला होता आणि त्यातली सरकी घरीच काढली होती. इतका पांढरा, लांब धाग्याचा कापूस मी क्वचितच पाहिला होता. या गादीवर नवरदेवाला बसवायचं आणि मग ती लेकीबरोबर सासरी जायची. मनकर्णाबाईची अट एकच होती, की गादीला मांजराचा स्पर्श होता कामा नये. एकदा गादीचं तोंड शिवलं की लग्नापर्यंत ते उसवायचं नाही, हेही तिने बजावलं, कारण तो अपशकुन असतो. गफ्फारने शब्द दिला.

त्या वेळी बिजलीला तीन पिल्लं झालेली होती. ती नुकती पायांवर उभी राहू लागली होती. मागच्या खोलीत एका टोपलीत अजीजुन्निसाने त्यांना ठेवलं होतं. गादीचं काम असेपर्यंत सगळी मांजरं त्या खोलीत कोंडायची असं ठरलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी मन लावून गायले. कापूस नुसता हवेत तरंगत होता. गफ्फारने तो खोळीत भरला, काठीने हलके बडवून सगळीकडे सारखा केला. मग गादीचं तोंड तसंच उघडं ठेवून तो नमाजाला गेला आणि येऊन जेवायला बसला. मागच्या खोलीचं दार पुरतं लागत नसे. त्याच्या फटीतून मोठं मांजर येऊ शकत नव्हतं. पण एक इवलंसं पिल्लू आलं. डगमगत ते ओट्यावर पसरलेल्या गादीपर्यंत पोचलं, तिच्या उघड्या तोंडाशी थांबलं आणि आत त्या मऊ पांढऱ्या अंधारात शिरलं.

मी भिंतीला टेकून उभी होते. मी सगळं पाहिलं. मित्रांनो, कुणी ठोका मारल्याशिवाय मला बोलता येत नाही. हे दुःख मला त्या दिवसाइतकं कधी झालं नाही.

गफ्फार आला. त्याने गादीचं तोंड शिवून टाकलं आणि लांब दाभणात जाड दोरा ओवून गादीवर आरपार टाके घालायला सुरुवात केली. कापूस सरकू नये म्हणून हे टाके घालावे लागतात. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तेवढ्यात मागच्या छपराचं एक कवेलू खडखडलं आणि बिजली वरून उडी मारून थेट गादीवर आली.

गफ्फारने तिला उचलून खाली ठेवलं. ती परत चढली. अजीजुन्निसाने झाडू दाखवला तेव्हा ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि फिरून आली. या वेळी ती गोल फिरत नव्हती, मधोमध झोपतही नव्हती. गादीच्या एकाच कोपऱ्याशी तिने नखं रोवली होती आणि घशातून घोगरा आवाज काढत होती. पण हा फरक पाहायला वेळ कुणाला होता? रामरावांचा गाडीवान कडूबा बैलगाडी घेऊन दाराशी आला होता आणि गाडीतून मनकर्णाबाई उतरत होती.

तिने पाहिलं ते गादीवरचं मांजर.

"गफ्फारभाई, म्या तुमाले एकच गोष्ट सांगतली होती," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

गफ्फारचा चेहरा काळवंडला. उभ्या आयुष्यात त्याने दिलेला शब्द मोडला नव्हता. तो वळला, हाताला लागली ती मी. माझा दांडा त्याने बिजलीच्या पाठीवर हाणला.

कापसाशिवाय मी आजवर कशाला लागले नव्हते. हाडाला लागलं की लाकडाला कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं. बिजली कळवळली, मागच्या पायाने लंगडली, पण कोपरा सोडला नाही. उलट पोट टेकून तिने तो सगळा झाकून घेतला.

गफ्फारचा हात तिथेच थांबला. मार खाऊनही न हलणारं मांजर त्याने पाहिलं नव्हतं. त्याने मला खाली ठेवलं आणि अजीजुन्निसाला टोपलीत पाहायला सांगितलं. ती धावत आत गेली आणि पदर तोंडाशी धरून बाहेर आली. टोपलीत दोनच पिल्लं होती.

मनकर्णाबाई म्हणाली की पिल्लू इकडंतिकडं गेलं असेल, घरभर शोधा. अजीजुन्निसाने चुलीमागे पाहिलं, सुपात पाहिलं, माठामागे पाहिलं. गफ्फार मात्र गादीजवळून उठला नाही. त्याच्या हातात दाभण होतं आणि तिसऱ्या ओळीची जागा नेमकी बिजलीच्या पोटाखाली होती.

"बाई," तो म्हणाला, "गादी दुसरी होईन. पन आत जीव असन तं हा टाका कोणावर घालू म्या?"

तीस वर्षं माझ्या आवाजाशेजारी काढल्यामुळे गफ्फारचे कान मंद झाले होते. तो हात जोडून म्हणाला, "माह्या कानाले बारीक आवाज येत नाई आता. तुमी आयका."

मनकर्णाबाई गुडघ्यांवर बसली. तिने लेकीच्या लग्नाच्या गादीला कान लावला. तिचा चेहरा बिजलीच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. दारात कडूबा उभा होता, आत अजीजुन्निसा. ती बराच वेळ तशीच राहिली. मग सरळ झाली.

"काईच आयकू येत नाई," ती म्हणाली. "पन हे माय मार खाऊनबी हालून नाई राह्यली. उसवा."

अपशकुनाची भीती तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होती. ती गेली नव्हती. त्या भीतीसकट तिने ते सांगितलं.

गफ्फारने शिवण उसवली. कोपरापर्यंत हात घालून तो कापूस चाचपत गेला आणि मुठीएवढं काहीतरी घेऊन बाहेर आला. पिल्लू हलत नव्हतं. नाकातोंडात कापूस गेला होता. अजीजुन्निसाने करंगळीने त्याच्या तोंडातला कापूस काढला, पदराने पुसलं, पाठ चोळली, नाकावर फुंकर घातली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग ते शिंकलं. एकदा, दोनदा, आणि मग एवढ्याशा जिवाच्या मानाने फार मोठ्याने रडू लागलं.

बिजलीने कुणाकडे पाहिलं नाही. तिने पिल्लाची मान दातांत धरली आणि लंगडत आत निघून गेली.

गफ्फार मान खाली घालून उभा होता. घरचा कापूस घालून रात्रीतून दुसरी गादी करतो, असं तो म्हणू लागला. मनकर्णाबाईने ऐकून घेतलं नाही. कडूबाला तिने घरी उशीर होईल असं सांगायला पाठवलं आणि स्वतः ओट्यावर बसकण मारली. गादीतला सगळा कापूस बाहेर काढून मूठ मूठ हाताखालून घातला. गफ्फारने मला उचललं आणि तोच कापूस पुन्हा पिंजला. दिवेलागणीला गादी मांडवात पोचली. मांडवात तिने कुणापासून काही लपवलं नाही. कुणीतरी नाक मुरडलं तेव्हा तिने एवढंच सांगितलं म्हणे, की एका जिवाला वाट देऊन ही गादी आली आहे, याहून चांगला शकुन तिला ठाऊक नाही.

लग्न नीट पार पडलं. कोकिळा पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा मुद्दाम ते पिल्लू पाहायला आली. तोवर अजीजुन्निसाने त्याचं नाव रुई, म्हणजे कापूस, ठेवलं होतं आणि त्याने स्वतःचा छंदही शोधला होता. गफ्फारच्या टोपीतच झोपायचं, नमाजाची वेळ झाली तरी टोपी सोडायची नाही.

बिजलीचा पाय पंधरा दिवसांत सुधारला. गफ्फार तिच्यासाठी रोज बशीत दूध ठेवायचा आणि दूर जाऊन बसायचा, कारण तो जवळ असला तर ती येत नसे. पुढे हळूहळू ती त्याच्याजवळ येऊ लागली. माझ्याजवळ मात्र ती पुन्हा कधी आली नाही. माझी तात तिने त्यानंतर चाटली नाही. मी तिला दोष देत नाही. मारणारा हात माफी मागू शकतो. ज्याने मारलं ते लाकूड कसं मागणार?

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. चिखलीला इंजिनावर चालणारं पिंजणयंत्र आलं. आम्ही दिवसभरात करायचो तेवढं काम ते जेवणाआधी उरकायचं. गफ्फार थकला, खोकल्याने खंगला आणि एका हिवाळ्यात गेला. त्याचा पुतण्या वाहेद आता यंत्रावर काम करतो. त्याने मला विकलं नाही, पण खाली उतरवलंही नाही. माझी तात कधीच तुटली. फळीवर कोळिष्टकं आहेत. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. कामाचे दिवस सरतात, हे लाकडाला माणसांपेक्षा लवकर कळतं.

एक गोष्ट पाहून मात्र बरं वाटतं. गादीचं तोंड शिवण्याआधी वाहेद दोन्ही तळवे तिच्यावर ठेवतो आणि थोडा वेळ गप्प उभा राहतो. गिऱ्हाईक घाईत असतं, काऊन थांबले म्हणून विचारतं. चाचा असंच करायचे, एवढंच तो सांगतो. त्याला कारण कुणी सांगितलेलं नाही. मला ठाऊक आहे, म्हणून मी ते तुम्हाला सांगितलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं खोडकर मांजर असेल, एखादं हट्टी वासरू असेल, किंवा सारखं रडणारं धाकटं भावंड असेल. रोजचीच मस्ती म्हणून तुम्ही त्यांना हाकलाल, आणि पुष्कळदा ती मस्तीच असेल. पण हात उगारण्याआधी एकदा गुडघ्यांवर बसा. त्यांच्या उंचीला येऊन पाहा, ते कशासाठी हटत नाहीत ते. काही ऐकू आलं नाही तरी घाई करू नका. शिवण उसवली तर पुन्हा घालता येते.