नाकवाल्या काकूंची लस

"हलू नका हं. अगदी दोन मिनिटं," काकू म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाच्या कानामागे बोट घालून चष्म्याची काडी किती वाकवायला हवी याचा अंदाज घेऊ लागल्या. दोघांच्या चेहऱ्यात वीतभर अंतर. गिऱ्हाईक हललं नाही, पण शिंकलं. एकदा नाही, लागोपाठ तीनदा, आणि तिन्ही वेळा काकूंच्या तोंडावर.

"सॉरी, सॉरी. कालपासून अंग जरा कसकसतंय," तो म्हणाला.

काकूंनी हातातली फ्रेम शांतपणे ट्रेमध्ये ठेवली आणि मागच्या मोरीत जाऊन तोंड धुतलं. साबण लावून पुन्हा धुतलं. मग नुसत्या नळाकडे बघत उभ्या राहिल्या. परत आल्यावर मात्र काडी वाकवली, नाकावर टेकणारी दोन पॅडं सारखी केली आणि चष्मा असा बसवला की गिऱ्हाईक मान खाली घालून, डोकं हलवून बघतंय तरी जागचा हलेना.

गेली सव्वीस वर्षं काकू चष्म्याच्या याच दुकानात हेच काम करत होत्या. नंबर काढायला डॉक्टर, काचा घासायला मशीन. पण चष्मा नाकावर बसवायचा तो काकूंनीच. "नंबर सगळ्यांचे जुळतात, नाकं कुणाची जुळत नाहीत," असं त्या म्हणायच्या, म्हणून दुकानात त्यांचं नाव पडलं होतं नाकवाल्या काकू.

मालक त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तो गल्ल्यावरून म्हणाला, "काकू, चेहरा पांढराफटक पडलाय. शिंकच होती ना?"

"शिंकच," काकू म्हणाल्या.

शिंकच होती. गेल्या हिवाळ्यातही शिंकच होती. तीन दिवस ताप, मग पाय सुजले, पोटात पाणी भरलं आणि पाचव्या दिवशी काकूंचं डोकंच भरकटलं. पलंगाशेजारी बसलेल्या स्वतःच्या मुलीला त्यांनी आदबीने विचारलं होतं, "बसा. तुमचा जुना नंबर काय होता?" अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये गेले. घरी सोडताना लिव्हरच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "फ्लू दुसऱ्याला आठवडाभर झोपवतो. तुमचं लिव्हर आधीच निब्बर झालंय, ते कसंबसं काम ओढतंय. त्याच्यावर असा ताप पुन्हा येऊ द्यायचा नाही. दर वर्षी, साथ यायच्या आधी, लस. विसरायचं नाही."

काकू विसरल्या नव्हत्या. टाळत होत्या. आधी दुकानातल्या मालमोजणीचं निमित्त झालं, मग गुडघ्याचं. दुकानात तर लिव्हर हा शब्दच त्यांनी काढला नव्हता. पोटाचं दुखणं एवढंच सांगितलं होतं. लिव्हर म्हटलं की लोक आधी बाटली शोधतात. पण खरी अडचण लोकांची नव्हती. खरी अडचण मुलीची होती. तिने हट्ट धरला होता, "लस घ्यायला मी बरोबर येणार." आणि जिथे फॉर्म असतो तिथे प्रश्न असतात.

त्या संध्याकाळी मात्र काकूंनी स्वतःहून फोन लावला. "आज एक जण तोंडावर शिंकला गं."

मुलगी म्हणाली, "उद्या सकाळी नऊ वाजता. मी घ्यायला येते. मलाही घ्यायचीच आहे, माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय. पाचवा महिना लागला ना."

"अगं, तू कशाला एवढ्या लांब..."

"आई. नऊ वाजता."

आरोग्य केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत लसीकरण चालायचं. बाहेर बाक, भिंतीला टेकवलेलं वजनाचं मशीन, आत एक टेबल, एक फ्रीज आणि एक सिस्टर. सिस्टर पन्नाशीच्या पुढच्या, आवाज खणखणीत. चष्मा नाकावरून सारखा घसरत होता आणि त्या तो मनगटाने वर ढकलत होत्या. काकूंचं लक्ष आधी तिकडेच गेलं.

मुलीने पर्समधून आपली पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. घरून उकळून आणलेलं पाणी. ती कुठेही गेली तरी पाणी घरचंच, उकळलेलं. जावई यावरून तिची चेष्टा करायचे, पण ती हटायची नाही.

"ताप आहे आज? खोकला? आधी कुठल्या लसीचा त्रास?" सिस्टर भराभर लिहीत होत्या. "जुनं दुखणं?"

"लिव्हरचं," काकू हळू आवाजात म्हणाल्या.

"कशामुळे?"

काकूंनी मांडीवरची फाईल उलटी करून ठेवली.

"दारू?" सिस्टरनी वर न बघता विचारलं. दिवसातून चाळीस वेळा विचारतात तसंच.

"काहीतरीच काय!" मुलगी ताडकन म्हणाली. "माझी आई थेंबाला शिवलेली नाही. तिला तरुणपणी कावीळ झाली होती. खराब पाण्यामुळे."

सिस्टरनी पेन थांबवलं. "पाण्याची कावीळ सहसा बरी होऊन जाते हो. लिव्हर असं जन्माचं बिघडवत नाही. बघू फाईल." त्यांनी पानं उलटली, चष्मा वर ढकलला. "हं. हेपटायटिस सी. औषधं पूर्ण झालीत, विषाणू गेलाय, लिव्हर मात्र खराब झालेलं. हा पाण्यातून नाही येत, रक्तातून येतो. रक्त चढवलं होतं का कधी?"

काकूंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. एवढी वर्षं झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून सांभाळली होती.

"हो," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"एकतीस वर्षं झाली."

मुलगी एकतीस वर्षांची होती. तिला हिशेब करायला वेळ लागला नाही.

सिस्टरनी एकदा आईकडे, एकदा मुलीकडे पाहिलं. "लस आणते," असं म्हणून त्या उठल्या. फ्रीज चार पावलांवर होता. पण त्यांनी त्याचं दार उघडलं आणि आतल्या डब्या मोजायला घेतल्या, एक एक करून.

"माझ्या वेळी," मुलगी म्हणाली.

"हं."

"आणि ते पाणी?"

"पाणी तुझ्या बाबांनी शोधून काढलं. मला काही सुचेना, ते म्हणाले पाणी सांगू."

"आई, मी तेरा वर्षं पाणी उकळतेय!" तिचा आवाज चढला. "तुझा पहिला रिपोर्ट आला तेव्हापासून. लग्नात, प्रवासात, ऑफिसात. लोक मला वेडी म्हणतात. आणि तुम्ही दोघं बघत बसलात?"

"उकळलेलं पाणी काही वाईट नसतं," काकू पुटपुटल्या.

मुलीच्या तोंडून हसू फुटता फुटता राहिलं आणि त्याच्या जागी रडू आलं. तिने नाक पुसलं. "म्हणजे गेल्या वर्षी तू मला ओळखलं नाहीस, तेही माझ्याचमुळे."

"हे बघ, हेच. हेच नको होतं मला." काकूंनी तिचं मनगट धरलं. "तेव्हा तू अठरा वर्षांची होतीस. सांगितलं असतं तर माझा प्रत्येक रिपोर्ट तू आपल्या अंगाला लावून घेतला असतास. बाबा गेल्यावर सांगणार होते, तेवढ्यात तुझं लग्न ठरलं. आणि आता हे पोटात. म्हटलं, तिचं स्वतःचं बाळंतपण व्हायचंय, तिला कशाला धास्ती."

"मग आता सांग. नीट सांग."

काकूंनी सांगितलं. त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे वाक्यं जुळवायला लागली. "तू दुपारी झालीस. छान रडलीस. मला म्हणाले मुलगी आहे, आणि मग माझं रक्त थांबेना. कानात नुसतं शूं शूं वाजायला लागलं. तुझे बाबा रक्तासाठी कुठे कुठे धावले कुणास ठाऊक. परत आले ते चप्पल कुठेतरी सोडून, दोन बाटल्या छातीशी धरून. पहिली बाटली अर्धी झाली तेव्हा मला माझे पाय असल्याचं कळलं. दुसरी संपली तेव्हा मी तुला मागितलं."

काकूंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "कुणाचं रक्त होतं, मला माहीत नाही. देणाऱ्याला तरी कुठे माहीत असणार काय देतोय ते. त्या बाटल्या नसत्या तर मी त्याच दिवशी आटोपले असते आणि तू बिनआईची वाढली असतीस. रोग त्यातूनच आला, खरंय. पण तुझी शाळा, तुझं लग्न, सगळं मी त्याच रक्तावर पाहिलं. मी कधी त्याला नाव ठेवलं नाही. तूही ठेवू नकोस. ना त्याला, ना स्वतःला."

काकूंनी धरलेलं मनगट मुलीने सोडवून घेतलं नाही.

"सव्वीस," सिस्टर मोठ्याने म्हणाल्या आणि फ्रीजचं दार लावलं. "डब्या बरोबर आहेत. आणि एक सांगते हो ताई, आता रक्त तपासल्याशिवाय कुणाला देत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनाही विचारा, मनात ठेवू नका." मग काकूंकडे वळल्या. "आणि तुम्ही मावशी, ताकाला जाऊन भांडं काय लपवता? लिव्हरला काय झालंय हे आम्हाला कळायला नको? काढा बाही वर."

"याने लिव्हरवर ताण नाही ना पडणार?" काकूंनी शेवटची शंका काढली.

"या लसीतला विषाणू मेलेला आहे. मेलेला माणूस भांडायला येतो का? हात थोडा दुखेल, कणकण वाटेल. दुखलं म्हणून मनाने गोळ्या खाऊ नका, लिव्हरवाल्या डॉक्टरांनी सांगितलीय तीच, सांगितलीय तेवढीच. आणि लस लागू पडायला दोन आठवडे जातात, तोवर शिंकणाऱ्यांपासून लांब."

"माझं काम नाकांशी आहे," काकू म्हणाल्या.

"मग मास्क लावा."

सुई गेली कधी ते काकूंना कळलंही नाही. सिस्टरनी कापूस दाबून धरला आणि घड्याळाकडे बघत बसल्या. अशा लिव्हरवाल्यांचं रक्त लवकर थांबत नाही, म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा चष्मा पुन्हा घसरला. हात गुंतलेले, म्हणून त्यांनी नाक मुरडून तो वर घ्यायचा प्रयत्न केला. काकूंना राहवेना. मोकळ्या हाताने त्यांनी चष्मा काढला, पॅडं अंगठ्याने आत दाबली, काड्या जराशा वाकवल्या आणि परत लावला.

सिस्टरनी मान हलवून बघितली. मग खाली वाकून बघितली. "अगं बाई! चार महिने मी या चष्म्याला शिव्या देतेय."

मुलीला सुईची भीती लहानपणापासूनची. तिने डोळे गच्च मिटले आणि आईचा हात असा आवळला की काकूंना दंडापेक्षा बोटंच जास्त दुखली.

मग अर्धा तास बाहेर बाकावर बसायचं होतं.

"मी रागावलेय तुझ्यावर," मुलगी म्हणाली.

"रागाव की. तेवढा हक्क आहे तुला."

"खूप रागावलेय."

"बरं."

थोड्या वेळाने मुलीने आपली बाटली उघडली, एक घोट घेतला आणि आईपुढे धरली. काकूंनीही घेतला. दोघींची नजरानजर झाली आणि आधी काकू हसल्या, मग मुलगी. इतक्या हसल्या की सिस्टर दारातून डोकावून गेल्या, कुणाला रिअॅक्शन तर आली नाही ना म्हणून.

दंड दोन दिवस ठणकला. तिसऱ्या दिवशी काकूंनी दुकानात पाऊल ठेवताच मालकाला सांगून टाकलं, "पोटाचं नाही, लिव्हरचं दुखणं आहे मला. मी मास्क लावणार, आणि ज्याला सर्दी आहे त्याचा चष्मा तो बरा झाल्यावर बसवणार." मालक म्हणाला, "एवढंच ना? आधी सांगायचंत काकू." आणि दुसऱ्याच दिवशी त्याने काउंटरवर मास्कचा खोका आणून ठेवला.

महिन्याभराने साथ आलीच. काचांच्या मशीनवरचा पोरगा आजारी पडला, मग मालक नऊ दिवस अंथरुणाला खिळला. काकूंनी दुकान उघडलं, बंद केलं, फोन घेतले, नाकं सांभाळली. त्यांनाही दोन दिवस घसा धरल्यासारखा झाला आणि गेला. पाय सुजले नाहीत. मुलगी रोज फोनवर विचारायची, "आई, मी कोण?" आणि काकू म्हणायच्या, "माझी वैरीण." लिव्हरच्या डॉक्टरांनी नवे रिपोर्ट पाहून "जैसे थे" म्हटलं तेव्हा काकूंना पेढे वाटावेसे वाटले. या आजारात जैसे थे म्हणजे पहिला नंबर.

मुलीचं बाळंतपण सुरळीत झालं. मुलगी झाली. रक्ताची गरज लागली नाही. काकू रात्रभर बाहेर बसल्या होत्या. डॉक्टर येऊन "दोघी छान आहेत" म्हणाले तेव्हा त्यांनी भिंतीला पाठ टेकवली आणि पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

दोघींना घरी आणलं आणि बाळाच्या सहाव्या दिवशी जावयांची आत्या बाळ बघायला आली. जिना चढून दारात पोचली ती खोकत खोकतच. मागून शेजारच्या दोघी.

"थांबा हं आत्याबाई," काकू उंबरठ्यावर उभ्या राहिल्या. "खोकला कधीपासून?"

"हे काय, झाले दोन दिवस. ताप उतरलाय कालच."

"मग आज आत नको. माझं लिव्हर खराब आहे. लेकीच्या जन्माच्या वेळी रक्त चढवावं लागलं होतं, त्यातून आलं. मला लागण झाली तर जड जातं, आणि आत सहा दिवसांचा जीव आहे. राग मानू नका. बऱ्या झालात की या, दिवसभर बसा."

त्या हे शेजाऱ्यांच्या समोर, खड्या आवाजात बोलल्या. आत्याबाई दोन पायऱ्या खाली उतरल्या. "नाही गं बाई, राग कसला. बरोबरच आहे तुमचं," म्हणाल्या आणि विणलेल्या टोपड्याची पिशवी त्यांनी हात लांब करून कठड्यावर ठेवली.

"कोण आहे गं आई?" आतून आवाज आला.

"आत्याबाई. पुढच्या आठवड्यात येतायत."

काकूंनी दार लावलं. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले. बाळ जागं झालं होतं, तोंड वाकडं करून हाक मारायच्या बेतात होतं. हात पाण्याने गार पडले होते. काकूंनी ते थोडा वेळ आपल्या मानेशी धरले, चांगले ऊबदार होऊ दिले, आणि मग बाळाला उचललं.