दोन किलो शिल्लक

मी मोटरसायकलचा मागचा टायर बोलतोय. पुढच्याचं काही ऐकून घेऊ नका. वळण तो घेतो म्हणून सगळं श्रेय तोच उपटतो. माणसं, पेट्या, पिशव्या, हा सगळा भार मात्र माझ्या डोक्यावर. गाडी कुठे चालली आहे हे त्याला आधी कळतं, हे मान्य. पण गाडीवर कोण किती भरतं, ते विचारायचं तर मलाच विचारावं लागेल.

माझा जन्म कारखान्यातला. रबर, काजळी, नायलॉनचे धागे असं सगळं एकत्र करून मला तापलेल्या साच्यात दाबलं आणि बाहेर काढलं तेव्हा माझ्या गालावर आकडे उमटलेले होते. त्यातला शेवटचा आकडा ५५. बघणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो दिसत नाही आणि उरलेल्यांना वाटतं, टायर पंचावन्न किलो पेलतो. तसं नाही. टायरवाल्यांकडे एक तक्ता असतो, त्यात ५५ समोर २१८ किलो लिहिलेलं असतं. पूर्ण हवा भरली असेल तर मी दोनशे अठरा किलो उचलीन. हवा कमी, तर माझी कुवतही कमी. यात घासाघीस चालत नाही.

माझे मालक काटेवाले. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायचे आणि बिघडलेले नीट करायचे, हा त्यांचा धंदा. गाडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या आणि त्यांत दहा-दहा किलोची चार वजनं. माणूस इतका काटेकोर की एकदा एका वजनाचा रंग खरवडला गेला, तर ते दोन ग्रॅमने कमी भरेल म्हणून त्यांनी दिवसभराचं काम बंद ठेवलं. दहा ग्रॅम मारणाऱ्या किराणावाल्याला ते असं काही सुनवायचे की तो बिचारा गिऱ्हाइकांसमोर कानकोंडा व्हायचा.

त्यांच्या मागे बसायची त्यांची बायको. काटेवाल्यांचं अक्षर म्हणजे मुंगीचे पाय, म्हणून काटा तपासला की त्यावर लावायची चिठ्ठी बाई लिहायच्या. गोल, टपोरं, देखणं अक्षर. वाटेत बाई अखंड बोलायच्या आणि काटेवाले दर दोन वाक्यांनी ‘हं’ म्हणायचे. त्या नेमक्या माझ्या वर बसायच्या. त्या सुखरूप घरी पोचतात की नाही, हे माझ्यावर होतं. मला त्या आवडायच्या, लपवण्यात काही अर्थ नाही.

मला गाडीला बसवलं त्या दिवशी काटेवाल्यांनी बेरीज मांडली. मालाचा मोठा काटा अंगणात आणून मागचं चाक त्यावर चढवलं. गाडीचे पंचाहत्तर. मग स्वतः गाडीवर बसून पाहिलं, मागच्या चाकावर आणखी त्रेचाळीस आले. पेट्या वजनांसकट पन्नास. एवढं सगळं मोजून झाल्यावर त्यांनी कुणालाही न विचारता खाली लिहिलं: हिचे अठ्ठेचाळीस. एकूण दोनशे सोळा.

“दोन किलो शिल्लक आहेत,” ते आत बघून म्हणाले.

बाई भाजी निवडत होत्या. “बरं झालं,” म्हणाल्या आणि निवडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बसल्या आणि मला खरं काय ते कळलं. एकाहत्तर. एक छटाकही कमी नाही.

हे अठ्ठेचाळीस आले कुठून, ते मला पुढे बाईंच्याच बोलण्यातून कळलं. बावीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, काटेवाल्यांनी नव्या नवरीला हौसेने काट्यावर उभं केलं होतं. बरोब्बर अठ्ठेचाळीस भरल्या. त्यांना केवढा आनंद! एकही ग्रॅम इकडेतिकडे नाही, असं त्यांनी चार जणांना सांगितलं म्हणे. त्यानंतर त्या काट्यावर चढल्याच नाहीत. आता ज्या घरात पलंगाखाली काटा, कपाटावर काटा, मोरीच्या दाराशी काटा, तिथे बावीस वर्षं एकाही काट्यावर पाय न ठेवणं काही सोपं नाही. पाहुणे गंमत म्हणून काट्यावर चढायला लागले की बाईंना आत दूध आठवायचं. आणि काटेवाल्यांनीही कधी विचारलं नाही. जगाचे काटे तपासणाऱ्या माणसाच्या घरी असा दिव्याखाली अंधार.

एवढ्यावर भागलं असतं तर मी निभावून नेलं असतं बहुतेक. पण पुढे हवेचं प्रकरण झालं. गाडीच्या साखळीच्या कव्हरवर कंपनीचा कागद चिकटवलेला आहे: मागच्या चाकातली हवा, एकट्याने बसल्यास अठ्ठावीस पौंड, दोघांनी बसल्यास बत्तीस. काटेवाले आधी रोज सकाळी, मी थंड असताना, बत्तीस मोजून भरायचे. मग रस्ता खणला गेला आणि खड्ड्याखड्ड्याला बाईंची कंबर धरायला लागली.

“अहो, हे जरा मऊ करता येईल का?” त्यांनी विचारलं.

किराणावाल्याला दहा ग्रॅम माफ न करणाऱ्या या माणसाने बायकोसाठी सहा पौंड हवा सोडून दिली. प्रेमच ते, दुसरं काय? मला राग येता येईना. पण सव्वीस हवेत मी बसायला लागलो. दर फेऱ्याला माझ्या कडा दुमडायच्या, दुमडून तापायच्या, तापून थकायच्या. माझ्या दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा नव्यासारखाच राहिला. कमी हवेची ही अगदी सरळ खूण. चौकातल्या म्हाताऱ्या पंक्चरवाल्याने ती ओळखली आणि भार जास्त होतोय का, हवा कमी ठेवता का, असं विचारलं. काटेवाल्यांनी खिशातून बेरीज काढून दाखवली. स्वच्छ आकडे, खाली दोन रेघा. काटेवाल्याची बेरीज कोण तपासणार? बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

मग तो दिवस आला. भर दुपार, डांबर तापलेलं, चार दुकानं करून आम्ही घाट उतरत होतो. माझ्या डाव्या कडेला चीर पडली होती, केसाएवढी. वळणावर गाडीची मागची बाजू डुलायला लागली. काटेवाल्यांनी गचकन ब्रेक मारला नाही, म्हणून आज दोघं आहेत. पण चीर उसवली, माझा दम गेला आणि गाडी खडीवरून घसरत आडवी झाली. काटेवाल्यांचे गुडघे खरचटले. बाई उजव्या हातावर पडल्या आणि मनगट मोडलं.

मी तिथेच पडलो होतो. त्या ओरडल्या नाहीत. “वजनं बघा आधी, चरा तर पडला नाही ना,” एवढंच म्हणाल्या. काटेवाल्यांनी वजनांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

सात दिवसांनी दोघं पंक्चरवाल्याकडे आली, बाईंचा हात प्लास्टरमध्ये. म्हाताऱ्याने मला रिमवरून उतरवलं आणि कडेची फाट दाखवली. इथे ठिगळ चालत नाही, म्हणाला, नवाच टायर घाला. जास्त भाराचा टायर घालू का, असं काटेवाल्यांनी विचारलं. म्हाताऱ्याने मान हलवली. टायर कितीही दांडगा घातला तरी गाडी तेवढीच पेलते, तेव्हा आधी भार सांगा. काटेवाल्यांनी पुन्हा तो कागद काढला आणि वाचायला लागले. गाडी पंचाहत्तर, मी त्रेचाळीस, पेट्या पन्नास, ही अठ्ठेचा...

“एकाहत्तर,” बाई म्हणाल्या.

काटेवाल्यांनी वर पाहिलं. पंक्चरवाला एकदम पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

“तुम्ही बाहेर गेलात की मी काट्यावर उभी राहते,” बाई म्हणाल्या. “दर महिन्याला. मला माहीत होतं. तुम्ही त्या कागदावर अठ्ठेचाळीस लिहिलंत तेव्हा वाटलं, एक तरी माणूस मला अजून तशीच समजतो. राहू दे, म्हटलं. चूक माझीच आहे.”

काटेवाल्यांनी कागदावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “मला डोळे आहेत गं. तुला काट्यावर चढायला लागू नये म्हणून मी विचारलंच नाही.” त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि अठ्ठेचाळीसवर काट मारली. दोनशे एकोणचाळीस. एकवीस किलो जास्त, आणि तेही कमी हवेवर.

सध्या माझा मुक्काम याच दुकानाच्या भिंतीला टेकून आहे. पुढेमागे कुणीतरी मला कापून चपलांचे तळवे करील, माझी तक्रार नाही. तुम्हाला एक विनंती. सकाळी गाडी काढण्याआधी, टायर थंड असताना, हवा मोजा. पळून तापलेल्या टायरमध्ये आकडा फुगून दिसतो, त्याला भुलून हवा सोडू नका. कंबर दुखत असेल तर गादी घ्या. टायरच्या गालावरचा आकडा वाचा आणि मागे बसणाऱ्या माणसाला त्याचं आजचं वजन विचारा. हे अवघड आहे, मला कल्पना आहे.

दुकानातल्या त्या दिवसाचं सांगायचं एवढंच राहिलं. नवा टायर बसला, त्यात बत्तीस हवा भरली. काटेवाले पेन धरून कागदाकडे बघत उभे होते, कारण एकवीस किलो कुठून तरी कमी करायचे होते. बाईंनी त्यांची अडचण ओळखली.

“तुम्ही वजनं घेऊन जात जा,” त्या म्हणाल्या. “हात बरा झाला की मी बसने येईन चिठ्ठ्या लिहायला.”

काटेवाल्यांनी कागदावर एक ओळ खोडली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि वाकून गाडीच्या पेट्या सोडवायला लागले.

“बसने वजनं जातील,” ते म्हणाले. “तू बस मागे.”