भोंग्यावरचा अर्ज

आमच्या गावच्या शाळेतल्या ज्ञानेश्वर सरांना मिरवायची भारी हौस. अमळनेरहून शिक्षण खात्याचे साहेब येणार म्हटलं की यांचा इस्त्रीचा शर्ट आदल्या दिवशीच खुंटीवर. शनिवारी पालकसभा घेतली, साहेबांना पुढच्या खुर्चीत बसवलं, पडद्यावर ते एआय उघडलं आणि पटांगणातल्या लोकांनाही ऐकू जावं म्हणून गणपती मंडळाचा भोंगा जोडला. आम्ही बाया मागे सतरंजीवर, पोरं आमच्या पुढ्यात.

"सगळी मुलं माझ्याच खात्यावरून वापरतात," सर साहेबांना म्हणाले. "म्हणून याला सगळं लक्षात असतं. गंमत बघा." आणि त्याला विचारलं, "आमची मुलं तुला काय काय विचारतात?"

काय गरज होती हे विचारायची? मशीनने आपलं सांगितलं. गणितं, विज्ञानाचे प्रकल्प, क्रिकेट. आणि मग त्याच गोड आवाजात, "नववीतल्या मयुरी प्रेमराज पाटील हिने अर्ज केला होता. वडील शिंदखेड्याला तिचं लग्न ठरवत आहेत, तिला शिकायचं आहे, लग्न कसं थांबवावं, असं तिने विचारलं. मी तिला विश्वासाच्या शिक्षकांशी बोलायला आणि १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करायला सुचवलं."

मयुरी माझी पोर. अर्ज कसा लिहावा हे सरांनीच शिकवलेलं. महोदय, विषय, खाली पूर्ण नाव आणि इयत्ता. पोरीने मशीनलाही तस्साच लिहिला. याच्यापुढे नाव टाकायचं नसतं, हे सांगायला एकाही मास्तरला तोंड नव्हतं.

पटांगणात कोणीतरी फिसकन हसलं. मयुरीचा बाप उठला, तिचा दंड धरला आणि ओढत घेऊन गेला. "आते साळा बंद," एवढंच बोलला. घरी येऊन त्याने लग्नाची तारीखही अलीकडे घेतली.

सोमवारी मी शाळेत गेले. अंगाचा नुसता भडका उडालेला.

"ताई, मी थोडंच सांगितलं? मशीन बोललं," सर म्हणाले.

"मशीनच्या तोंडाला भोंगा कोणी लावला?"

"आता शाळेत ते बंदच करून टाकलंय."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हटलं, "सर, त्याने पोरीला धड सल्ला तरी दिला. विश्वासाच्या शिक्षकांशी बोल म्हणाला, तेवढंच त्याचं चुकलं. चला घरी. तिच्या बापाला तोंडावर सांगा, अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे."

सर टेबलावरचे खडू सारखे करत बसले. "तुमची घरगुती बाब आहे, ताई. मी मधे कसा पडू?"

"शनिवारी भोंग्यावर वाजत होती तेव्हा कोणाची घरगुती होती?"

मग मी त्यांच्या समोरच मोबाइल काढला आणि १०९८ लावला. पोरीचं नाव, वय, गाव, सगळं सांगितलं. पलीकडच्या बाईने विचारलं, लग्न ठरल्याचं आणखी कोणाला माहीत आहे का? सर मला हातानेच नको नको करत होते. माझं नाव घेऊ नका, असं दबक्या आवाजात म्हणालेही.

मी त्यांच्याकडे बघतच फोनमध्ये सांगितलं, "लिहा बाई. ज्ञानेश्वर सर. अमळनेरचे साहेब. आणि बठ्ठंच्या बठ्ठं गाव."