चिमाबाईच्या ऐनावरची वेल

मी एक जुनी वेल आहे. चिमाबाईची लेक जनी लग्न होऊन नाते गावी गेली ते साल १९२६. त्या लग्नाला तिचा भाऊ चांगू मुंबईहून आला, तो डब्यातल्या मातीत माझा गड्डा घेऊन. तिकडे तो एका बंगल्यावर माळीकाम करायचा. पोलादपूरच्या वर डोंगरवाडीत त्याचं घर. घरामागच्या ऐनाच्या बुंध्याशी त्यानं मला लावलं आणि आईच्या देखत म्हणाला, "आयेला सोबत कर गो. सोडू नको." दुसऱ्या दिवशी तो डोंगर उतरून गेला.

मित्रांनो, मला एवढंच सांगितलं होतं. मी तेवढंच केलं.

दोन पावसाळ्यांत मी ऐनाच्या शेंड्याला पोचले. गुलाबी तुरे लोंबू लागले. वाटेनं जाणारे थांबून बघत, पण माझं फूल कोणी केसांत माळलं नाही. शेजारच्या बनुबाईनं एकदा ओंजळभर फुलं देवळात नेली, तर गुरवानं परत दिली. "हिचं नाव म्हायत नाय. देवाला काय म्हणून सांगू?" गुरंही मला हुंगून पुढे जात.

चांगूची आई चिमाबाई तेवढी रोज विचारी, "आज तरी पोराचा कागद येल काय गो?" मला काय ठाऊक?

आमच्याकडे ऐनाच्या फांद्या तोडून वाळवतात आणि भाताचं रोप टाकायच्या जागेवर जाळतात. त्याला राब म्हणतात. राब नाही तर रोप नाही. चिमाबाईचा ऐन एकच. त्याचं ऊन मी घेतलं, तसा तो फुटेनासा झाला.

"वयनी, येल तोडा," तिचा दीर नाथू म्हणाला. "फुलं शिजवून खानार हाव काय?"

"पोराच्या हातची हाय, भावजी."

"पोराचा हात मंबईत. पोट हितं हाय."

त्या वर्षी तिनं लांबच्या रानातून डोक्यावर पाला आणला. उतारावर पडली, गुडघा सुजला. रोप निम्मंच आलं.

पुढच्या वर्षी तिनं स्वतः कोयता घेतला. मला ऐनावरून ओढून काढताना म्हणाली, "सोबत कर म्हनला व्हता तो. गिळ नाय म्हनला."

मला वाळवून तिनं राबात घातलं. रोप हिरवंगार आलं. गड्डा मात्र तिनं खणला नाही. पावसात मी पुन्हा फुटले. मग दर वर्षी दिवाळी सरली की ती मला कमरेइतकी ठेवून छाटी, आणि ऐनाला पालवी येई. पाच वर्षं आम्ही तिघं नीट नांदलो. कागद यायचे. चांगू आला नाही.

तो आला तो तिच्या बाराव्याला. मी भर फुलांत होते. माझ्याखाली बसून तो रडला आणि कोयता न उचलता परत गेला.

मित्रांनो, माझ्यासारखीला लावाल तर छाटायलाही या. मला आपणहून थांबता येत नाही.

चिमाबाई १९३६ सालच्या भादव्यात, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी वारली. ऐन १९३९ च्या उन्हाळ्यात गेला.