धोंडिबाचे वाढते उपास

शहाडला नदीच्या अंगाला असलेल्या एका चाळीत धोंडिबा व त्याची पत्नी रंभा यांचा संसार कित्येक वर्षे साध्या रीतीने चालला होता. धोंडिबा माजिवड्याच्या एका उंच गृहसंकुलात फाटकावर पहारेकऱ्याचे काम करी. चाळीतील लहानथोर त्याला धोंडू म्हणत. परंतु गेल्या वर्षभरात या नावात पालट झाला आणि लोक त्याला आदराने बुवा म्हणू लागले. या पालटास कारण झाले ते त्याचे उपास.

प्रारंभी केवळ सोमवार होता. पुढे गुरुवार आला, त्यामागून शनिवार. एकादशी व संकष्टी तर ओघानेच आल्या. श्रावण संपला, तरी धोंडिबाचा श्रावण काही संपेना. चाळीतील बायका आपल्या नवऱ्यांना त्याचे उदाहरण देऊ लागल्या. हळदीकुंकवाला रंभेस पहिला पाट मिळू लागला आणि खरे सांगावयाचे तर तिलाही त्याचे सुख वाटले. ज्या बाईचा नवरा कालपर्यंत बोंबील तळल्याच्या वासाने जिना चढताना झपाझप पावले उचलीत असे, त्या बाईला हा मान नवा होता.

मात्र स्वयंपाकघर ज्याच्या हाती असते, त्याच्यापासून ताटातली गोष्ट फार दिवस लपत नाही. रंभेच्या ध्यानात प्रथम हे आले की, उपासाच्या दिवशी धोंडिबा उपासाचेही खात नाही. साबुदाण्याची खिचडी तो चिवडी, दोन घास घेई आणि उरलेली गुपचूप कावळ्यांना घाली. ज्या दिवशी उपास नसे, त्या दिवशी जेवल्यावर तो उशी पोटाशी घट्ट धरून भिंतीकडे तोंड करून निजे. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवी भोके पाडली होती.

"पोटात दुखतं का हो?" तिने विचारले.

"दुखत नाही. जडान्नाची सवय मोडलीय आता. शरीर शुद्ध होतंय."

"शुद्ध होतंय, तर कण्हताय कशाला?"

"नामस्मरण करतोय," धोंडिबा म्हणाला.

रंभा त्यावर हसली आणि विषय तेथेच राहिला.

गुडघ्याची गोळी मात्र चालू होती. फाटकावर उभे राहून धोंडिबाचे गुडघे धरत. शेजारी राहणारा, नवरात्र मंडळाचा अध्यक्ष पोपट स्वतः कमरेसाठी एक गोळी घेई. तीच त्याने धोंडिबाला सुचवली होती. धोंडिबा ती सकाळी कोऱ्या चहाबरोबर घेई आणि उपासाच्या दिवशी तर नुसत्या पाण्याबरोबर. काही खाऊन घ्या, असे रंभेने एकदा म्हटले असता त्याने तिला समजावले की, अन्नाने उपास मोडतो, गोळीने मोडत नाही. चाळीत सर्वांचीच अशी समजूत होती. रंभेचीही होती.

भाद्रपद सरत आला आणि मंडळाने एकमताने ठरवले की यंदा घटापाशी बुवांनी बसावे. नऊही दिवस केवळ दूध. धोंडिबाचा चेहरा त्या दिवशी उजळला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोटारींना सलाम केलेल्या माणसाला देवीच्या उजव्या हाताला आसन मिळाले होते.

त्याच आठवड्यात रंभा मोरी व संडास धुवावयास गेली असता तिला जे दिसले, त्याने ती खराटा हातात धरून उभीच राहिली. फरशीला रस्त्याच्या डांबरासारखे काळे, चिकट काही लागले होते. पाणी ओतूनही ते सुटेना आणि त्याची घाण नेहमीची नव्हती.

"हे काळं कशाने?" तिने बाहेर येऊन विचारले.

धोंडिबाने वर्तमानपत्र वर उचलले. "खजुराने."

"या महिन्यात घरात खजूर आणलाय कोणी?"

"रंभे, देवाच्या दिवसांत कसले विषय काढतेस?"

ती खराटा ठेवण्यास आत गेली. परंतु त्यानंतर तिची दृष्टी नवऱ्यावरून हटेना. जिना चढताना तो मध्येच थांबे व कठड्याला टेकून कोणाचे तरी कुशल विचारण्याचे सोंग करी. त्याची नखे खडूसारखी पांढरी पडली होती. तो केवळ देवाला भिऊन उपाशी राहत नव्हता, तो अन्नाला भीत होता. ही गोष्ट रंभेला कळली तेव्हा तिला स्वतःच्या पहिल्या पाटाची आठवण झाली आणि ती मनात ओशाळली.

सर्वपित्री अमावस्येच्या दुपारी पोपट नवे धोतर व उपरणे घेऊन आला. मागोमाग चाळीतली चारदोन माणसे दाराशी उभी राहिली. धोंडिबा ते घेण्यास उठला, डोलला आणि भिंतीला हात लावून पुन्हा खाली बसला. कपाळावर घाम फुटला होता.

"बघा, चेहरा कसा झालाय!" पोपट भारावून म्हणाला. "तपाचं तेज म्हणतात ते हेच."

रंभा पुढे आली. तिने अंगठ्याने नवऱ्याची खालची पापणी ओढली. आतील कातडे सोललेल्या लसणीसारखे पांढरे होते.

"हे तेज नाही, भाऊजी. रक्त नाही अंगात. उद्या हे घटापाशी बसणार नाहीत."

"वहिनी, पत्रिका छापून झाल्या!"

"यांचा उपास देवीचा नाही. खाल्लं की पोटात आग पडते म्हणून हे खात नाहीत. आणि परसाकडला डांबरासारखं काळं होतंय."

धोंडिबाने तोंड ओंजळीत लपवले.

"अगं, माणसांत काय बोलतेस!"

"माणसांत बोलले नाही, म्हणून तर इथवर आलं. पोपटभाऊजी, धोतर ठेवा आणि रिक्षा बोलवा."

कल्याणच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नाडी पाहिली, पोट दाबले, मग नीट जेवण कधी झाले ते विचारले. धोंडिबाने सोमवार, गुरुवार, एकादशी असे सांगण्यास प्रारंभ केला.

"काका, देवांचं राहू द्या. दुखतं जेवणाआधी की नंतर?"

"नंतर," धोंडिबा खाली पाहून म्हणाला.

"शौचाचा रंग?"

रंभेने सांगितले. गोळ्यांची पट्टीही तिनेच पिशवीतून काढून मेजावर ठेवली. ती पाहताच डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला. रिकाम्या पोटी घेतलेल्या या गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतो, त्यातून रक्त झिरपते आणि आतड्यांतून जाताना काळे पडते, असे त्यांनी थोडक्यात सांगितले. आणखी नऊ दिवस नुसत्या दुधावर घरी काढणे जिवावर बेतले असते, हेही सांगितले. धोंडिबाला तेथूनच इस्पितळात दाखल केले. तोंडावाटे दुर्बीण घालून पाहिले, तेव्हा व्रण दिसला. रक्त चढवले गेले. गुडघ्याची गोळी बंद झाली.

इस्पितळाच्या वऱ्हांड्यात पोपट येरझारा घालत होता.

"मग घटापाशी बसणार कोण?"

"तुम्ही बसा," रंभा म्हणाली.

"मला ॲसिडिटी आहे हो!"

अखेर मंडळाने पाळीपाळीने बसण्याचे ठरवले आणि देवीनेही त्यास हरकत घेतली नाही.

धोंडिबा अष्टमीला घरी आला. थोडे थोडे व वेळेवर खावे, अशी आज्ञा होती. सारी चाळ नवरात्राच्या उपासाला होती. आरतीला जाणाऱ्या बायका दारावरून जाताना आत पाहत आणि झटकन मान वळवत. रंभेने मऊ भात कालवून ताटली पुढे केली.

"दार लोटून घे," धोंडिबा म्हणाला.

"का? चोरी केलीय?"

दार उघडेच राहिले. धोंडिबाने मान खाली घालून पहिला घास घेतला, थांबला, पोटावर हात ठेवून वाट पाहिली. आग पडली नाही. त्याने दुसरा घेतला.

एवढ्यात पोपट उंबऱ्याशी आला. वऱ्हांड्यात दोन्ही बाजूंना पाहून त्याने आवाज खाली आणला.

"वहिनी, ते काळं म्हणजे... नेमकं कितपत काळं?"

रंभा उत्तर देणार, तोच धोंडिबाने घास गिळला आणि पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "डांबरासारखं. चिकट. पाण्याने सुटत नाही. लाजू नकोस, पोपट, आत येऊन बस. कमरेची गोळी आज खाऊन घेतलीस का उपाशी?"

पोपट आत आला व भिंतीला टेकून बसला.

"उपाशी, धोंडू," तो म्हणाला.

रंभेने पायात चपला सरकवल्या आणि रिक्षा पाहण्यास ती खाली उतरली.