पावणं पेरायची जागा

होळी झाली की आमच्या धरणाचं पाणी रोज थोडं थोडं मागे सरतं, आणि त्याच्या मागे मागे भरतभाऊचे तंबू. पाण्याला लागून तंबू, असं पुण्याच्या पाहुण्यांना जाहिरातीत सांगून बसलाय ना. भरतभाऊ कळंबचा, घरचा ऊसवाला, चांगला माणूस. मी त्याच्याकडे भाकऱ्या थापते म्हणून चांगला म्हणते, असं नाही. थोडं तसंही आहे.

यंदा सरकत सरकत तंबू आमच्या गावच्या म्हाताऱ्या बायडाबाईच्या पट्ट्यात आले. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी ही गाळाची जमीन कागदावर सरकारची. पण ज्याचं शेत खाली बुडालं, त्यानेच तिथे पेरायचं, ही आमची रीत. बायडाबाई दर उन्हाळ्याला मूग करते. घरातली वर्षाची डाळ तीच.

"आजी, एवढं वर्ष सोडा की," भरतभाऊ म्हणाला. "इको टुरिझम हाय. निसर्ग जपायचाय."

"मग मूग काय पिलॅस्टिकचा असतो व्हय रं?"

"पण शेत तुमचंच कशावरनं? बांध कुठंय?"

"पाण्यात बांध ऱ्हातो का कुठं?" एवढं बोलून म्हातारी खुंट्यांमधली जागा न्याहाळत घरी गेली. तेव्हाच मला शंका आली.

पाहुणे शनिवार-रविवारचे. मधल्या वारी भरतभाऊ ऊस बघायला कळंबला गेला, तशी बायडाबाई खुरपं घेऊन आली आणि तंबूंच्या दोऱ्यांखालून वाकत, खुंट्यांना वळसे घालत मूग टोकून गेली. मी भांडी घासता घासता सगळं पाहिलं. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

शनिवारी ओल्या गाळातून मुगाची हिरवी जोडपानं वर आली होती. गाडीतून उतरलेली एक बाई तंबूकडे तरातरा निघाली, तसा भरतभाऊ चहाचा ट्रे तिथेच टेकवून ओरडला, "ओ म्याडम! पाय काढा! पेरलंय तिथं, दिसत न्हाई का?"

बाई एका पायावर उभी.

"कुणी पेरलंय रं, भरत?" काठावरून बायडाबाईने मऊ आवाजात विचारलं.

"तुमी, दुसरं कोण? तुमच्या शेतात दुसरं कोण पेरणार?"

बोलून गेला, आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. पाहुण्यांना तर आधीच. कान लाल झाले बिचाऱ्याचे. शेतकऱ्याचं पोर ते. कोंबावर पाय पडताना बघवलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

दुपारी तो मुकाट्याने खुंट्या उपटायला लागला. बायडाबाईने वरच्या खडकाळ टेपाडाकडे बोट केलं. "तिथं कायबी उगवत न्हाई. पाणी मातर लई झ्याक दिसतं. तिथं पेर तुजी पावणं."

"खडकात खुंटी जाईल का, आजी?"

"दगडं ठिवू की दोरीवर. चल, दावते."

आणि दोघं निघाली, मूग चुकवत, एकामागे एक, पाऊल जपून. मागून हातात चपला घेतलेली ती बाईसुद्धा.